डच चित्रकाराचा डावा डोळा

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, सौदीतल्या खोबर शहरात, एका खासगी रुग्णालयात एका डच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पंधरवड्याने ठरली होती. ती त्याने होऊ दिली नाही.

शस्त्रक्रिया करणारी डॉ. नीलिमा आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होती. मी दुसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट चित्रकाराचा. तो तिथे राहत नसे, फक्त काम करी. त्याचं घर धाहरानला, तेल कंपनीच्या वसाहतीत. नोकरी त्याच्या बायकोची होती. भूजलाची तज्ज्ञ म्हणून तिला कंपनीने बोलावलं होतं, आणि हा तिचा अवलंबित म्हणून आला होता. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे निवासाच्या परवान्यावर, तसं स्पष्ट लिहिलेलं होतं: काम करण्याची परवानगी नाही. हा इकामा तो पाहुण्यांना आवर्जून दाखवी.

"माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं हेच सांगितलं, की मी काम करत नाही," तो म्हणायचा. "आता सरकारी शिक्का मिळाला."

इमारतीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. मल्याळी कुटुंबं 'सर' म्हणत, पाकिस्तानी रखवालदार 'बाबाजी'. आम्ही मराठी लोक आपसांत 'वरचे' म्हणायचो. "वरचे आलेत वाटतं," एवढं पुरे असायचं.

त्याची आमची ओळख वासामुळे झाली. एका शुक्रवारी सकाळी जिन्यात जवसाचा वास सुटला. माझी बायको बार्शीची. तिच्या माहेरी जवसाची चटणी रोजच्या जेवणात असते, आणि सौदीत आल्यापासून तिला बरं जवस मिळालं नव्हतं. वर कुणी सोलापूरकडचं बिऱ्हाड आलं असावं अशी तिची खात्री झाली. ती रिकामी वाटी घेऊन वर गेली. दार उघडलं ते सहा फूट उंचीच्या, राखाडी लोकरी बंडी घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या युरोपियन माणसाने. त्याच्या मागे शेगडीवर पातेल्यात जवसाचं तेल तापत होतं. रंग कालवण्यासाठी तो ते स्वतः आटवून घट्ट करायचा. विकतच्या बाटलीवर त्याचा विश्वास नव्हता. बायकोने हिंदी-इंग्रजीत विचारलं, की चटणी कुठे आहे. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, की चटणी नाही, पण चित्र आहे.

ती रिकामी वाटी घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी तो वाटी मागायला खाली आला. रंग ठेवायला ती बरोबर मापाची आहे, असं त्याचं म्हणणं होतं. वाटी त्याला दिली. ती परत आली नाही.

बाहेर पारा पंचेचाळिसावर असतानाही ती लोकरी बंडी त्याच्या अंगावर असे. आत एसी असतो, हे कारण. बाहेर जाताना मात्र ती काढायला विसरायचा. तो सायकल वापरायचा. खोबरच्या समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर, भर दुपारी, लोकरी बंडी घातलेला म्हातारा सायकलवरून चाललाय, हे बघून पोलिसांनी त्याला अनेकदा थांबवलं. दंड करायला नाही, पाणी द्यायला. तो पाणी प्यायचा, 'शुक्रन' म्हणायचा आणि पुढे जायचा. मराठीतला एकच शब्द त्याने उचलला होता: 'चालेल.' नीलिमाच्या घरी कुणीतरी फोनवर तो सारखा म्हणत होतं, त्यावरून शिकला. जेवायला येता का? चालेल. लिफ्ट बंद आहे. चालेल. भाडं वाढणार आहे. चालेल.

हवामानाच्या बाबतीत मात्र काहीच चालत नसे.

मी दम्माममधल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होतो. आमच्या दुसऱ्या पानावर खाली उजवीकडे हवामानाची चौकट असायची. वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात एकच ओळ असे: आकाश स्वच्छ. वरचे वर्तमानपत्रात फक्त ही चौकट वाचायचे, आणि वाचून झाली की डेस्कला फोन करायचे.

"आज आकाश स्वच्छ नाही. मी गच्चीवर उभा आहे."

"हवामान खात्याकडून आलंय," मी सांगायचो.

"खातं खोलीत बसून लिहितं. हवेत धूळ आहे. पिवळी धूळ. समुद्रसुद्धा दिसत नाही नीट. दुरुस्ती छापा."

दुरुस्त्या आम्ही त्याच पानावर, चौकटीच्या वर छापायचो. त्याची दुरुस्ती कधी छापली गेली नाही. डेस्कवरचे लोक त्याचा आवाज ओळखायला लागले. फोन वाजला की कुणीतरी मला म्हणायचं, "तुझं आकाश आलंय."

त्याचा जन्म हॉलंडच्या उत्तरेला, समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या गावात झाला. वडील बांधांची देखभाल करणाऱ्या खात्यात होते. गाव ज्या जमिनीवर होतं ती जमीन त्यांच्या आजोबांच्या काळात पाण्याखाली होती. तिथे बघण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, असं तो सांगायचा: खाली एक रेघ आणि वर ढग. त्याने पंचवीस वर्षं तेच रंगवलं. खाली पट्टीने आखल्यासारखी हिरवट रेघ आणि वर राखाडी ढग. राखाडी रंगाच्या किती तऱ्हा असतात हे दाखवणारा चित्रकार म्हणून मायदेशी त्याचं नाव झालं. मग काळ बदलला. ज्या गॅलऱ्या त्याची चित्रं लावायच्या त्यांतल्या काही बंद पडल्या, उरलेल्यांनी भिंतीवर पडदे लावून व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. साठीच्या उंबरठ्यावर त्याची ओळख 'पूर्वीचे' अशी करून दिली जाऊ लागली. त्याच सुमारास बायकोला धाहरानची नोकरी आली.

पहिली दोन वर्षं त्याने काहीच रंगवलं नाही. ढग नसलेल्या आकाशाचं काय करायचं हे त्याला कळेना. वसाहतीतल्या घरात टर्पेंटाइनच्या वासाने बायकोचं डोकं दुखायचं, म्हणून त्याने खोबरमध्ये फ्लॅट घेतला आणि गच्चीवर जाऊन नुसता बसू लागला. दुपारची नमाज झाल्यानंतर रस्ते रिकामे होतात, सावल्या पायाखाली जातात, तेव्हा. मग हळूहळू चित्रं सुरू झाली. ती पूर्वीच्या चित्रांसारखी नव्हती. खाली रेघ तशीच, पण वरचं सगळं मधासारखं, गूळ वितळल्यासारखं, काही ठिकाणी चहासारखं. ढगांची जागा या पिवळ्याने घेतली होती.

जेद्दाच्या एका गॅलरीने ती मांडली. तिथून फोटो हॉलंडला गेले. समीक्षकांनी लिहिलं, की उत्तरेच्या चित्रकाराला वाळवंटाचा प्रकाश सापडला. त्याच्या देशातल्या एका संग्रहालयाने दोन चित्रं घेतली आणि नंतर एका मोठ्या प्रदर्शनाचा प्रस्ताव ठेवला. सगळ्या आयुष्याचं काम, आणि शेवटचं दालन या पिवळ्या चित्रांचं. त्या दालनाच्या मुख्य भिंतीसाठी त्यांना नवं, मोठं चित्र हवं होतं. त्याने विषय ठरवला: गच्चीवरून दिसणारा समुद्र.

समुद्र आमच्या गच्चीवरून खरोखर दिसत असे. इमारतींच्या मधून, मोरपिशी रंगाचा पट्टा. त्याच्या कॅनव्हासवर तो तपकिरी होता. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "पत्रकारांना समुद्र निळा वाटतो कारण तुम्ही तसं लिहिलेलं असतं."

या उत्तराला वादाची जागा नव्हती. चित्रकार आहे, म्हटलं, त्याचं त्याला माहीत.

हे सगळं सोलकढीवरून उघडकीला आलं.

नीलिमाची आई वेंगुर्ल्याहून व्हिजिट व्हिसावर आली होती. आईंना जिना चढवत नसे, पण कोण कुठे राहतं, काय खातं, याची बातमी त्यांना माझ्याआधी असायची. वर एक म्हातारा एकटाच डबा खातो हे कळल्यावर त्यांनी त्याला जेवायला बोलवायला लावलं. आम्हीही होतो. सुरमईचं सार, भात, तळलेले तुकडे आणि पेल्यांत सोलकढी. आमसुलं आईंनी घरून आणलेली, नारळाचं दूध त्यांनी स्वतः काढलेलं. रंग फिक्का गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारा.

वरच्यांनी एक पेला संपवला. दुसरा मागितला. मग नीलिमाला नम्रपणे म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, जेवण अप्रतिम आहे. फक्त कोल्ड कॉफीतलं दूध थोडं आंबट झालंय. पण चालेल."

नीलिमाने भाषांतर केलं नसतं तरी 'कॉफी' शब्द आईंना कळला होता.

"कॉफी?" आई म्हणाल्या. "गो नीलू, ह्येका गुलाबी रंग दिसणा नाय की काय?"

"आई, हळू बोल गं."

"हळू कित्या? मी सोलकढी करूक शिकलंय तेव्हा ह्यो रांगत होतो." हे खरं नव्हतं. दोघांचं वय जवळपास सारखंच होतं.

नीलिमा हसली नाही. तिने घास खाली ठेवला आणि आपली ओढणी पुढे केली. "हा रंग कुठला?"

"काळा," तो म्हणाला.

ओढणी जांभळी होती.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. सोबत मीही होतो. तिने त्याच्याकडे निळ्या रंगाच्या नळ्या मागितल्या. त्या खजुराच्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या, खिडकीखाली. बहुतेकींची झाकणं रंग सुकून घट्ट बसली होती. "इथे निळं काही नाहीच," तो म्हणाला. "लागत नाहीत." तिने पक्कडीने तीन नळ्या उघडल्या, पांढऱ्या बशीवर तीन ठिपके काढले, गडद निळा, जांभळा आणि काळा, आणि त्याच्यासमोर धरले.

त्याने बशी खिडकीपाशी नेली. उजवीकडून पाहिली, डावीकडून पाहिली. "काळा," तो म्हणाला. "काळा. आणि हा... काळाच, पण चांगल्या कंपनीचा."

नीलिमाने त्याला सरळ सांगितलं. दोन्ही डोळ्यांतली भिंगं पिकून पिवळी-तपकिरी झाली आहेत. असा मोतीबिंदू हळूहळू वाढतो, म्हणून लक्षात येत नाही. निळा प्रकाश त्यातून आत पोहोचत नाही. धूळ हवेत नाही, डोळ्यात आहे.

त्याचं उत्तर तयार होतं. हे त्याने पूर्वी कधीतरी मनाशी घोकलं असावं, असं मला तेव्हा वाटलं.

"समजा मला सगळं पिवळं दिसतं. मग नळीतला रंगही पिवळाच दिसतो. आकाश जसं दिसतं तसाच रंग मी कालवतो. चष्मा दोन्हीला एकच. तर चूक कुठे होते?"

"सगळंच थोडं पिवळं दिसत असतं तर चूक झाली नसती," ती म्हणाली. "पण तुम्हाला निळा दिसतच नाही. जे दिसत नाही ते माणूस वापरायचं सोडून देतो. तुमच्या नळ्या वाळल्या आहेत ना?"

त्याने बशी खिडकीत ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे तुमचं म्हणणं, माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम हा एक आजार आहे."

"माझं म्हणणं, भिंग पिवळं झालंय. कामाबद्दल मला काही कळत नाही."

शस्त्रक्रियेला तो तयार झाला नाही. प्रदर्शन वर्षभरावर होतं. समुद्राचं चित्र अर्धं झालं होतं. जे पिवळं त्या लोकांना हवं होतं ते डोळ्याबरोबर गेलं असतं, आणि नंतर ते परत आणण्याचा उपाय नव्हता. हे त्याला पटकन समजलं. नीलिमाने दुसरी बाजू सांगितली: भिंग जितकं कडक होईल तितकी शस्त्रक्रिया अवघड. तो 'चालेल' म्हणाला, म्हणजे नाही.

आई मायदेशी जायच्या आदल्या दिवशी त्याला म्हणाल्या, "पेंटरबाबा, डोळो काय नुसतो चित्रां काढूक असता? माशातलो काटो दिसाक होयो मां?" नीलिमाने भाषांतर केलं. तो मनापासून हसला. त्यानंतर तो मासे खाताना प्रत्येक घास बोटांनी चाचपू लागला, असं त्याच्या बायकोने सांगितलं.

पुढे डिसेंबरात त्याची सायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर आदळली. टँकर पिवळा होता. खांद्याला टाके पडले. आता त्याची बायको बोलली. एरवी ती कमी बोले. स्वतः गाडी चालवत धाहरानहून यायची, त्याला घेऊन जायची, वर क्वचितच चढायची. त्या दिवशी चढली. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही, डच भाषेत होतं. खाली उतरताना ती नीलिमाच्या दारात थांबली आणि म्हणाली, "आधी उजवा. तो टँकरच्या बाजूचा आहे."

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्याच्यासमोर केरळची परिचारिका उभी होती. तो तिच्या गणवेशाकडे बघत राहिला.

"हा रंग कधीपासून?" त्याने विचारलं.

"सर, पहले से यही है," ती म्हणाली.

घरी जाताना त्याने बायकोला किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी थांबवायला लावली. तो उतरला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. ती गाडीतच बसली. बऱ्याच वेळाने परत येऊन तो एवढंच म्हणाला, की घरी नको, खोबरला चल. स्टुडिओत गेल्यावर त्याने एकेक चित्र खिडकीपाशी नेलं, डावा डोळा हाताने झाकून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सगळी चित्रं उलटी झाल्यावर खाली येऊन नीलिमाच्या दाराची बेल वाजवली.

"चहा सांडलाय," तो म्हणाला. "सगळ्यांवर."

संध्याकाळी डेस्कवरचा फोन वाजला. "तुझं आकाश," असं म्हणत सहकाऱ्याने फोन माझ्याकडे दिला.

"आज तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आकाश स्वच्छ आहे." आणि फोन ठेवला. त्यानंतर हवामानाबद्दल त्याचा फोन आला नाही.

डाव्या डोळ्याला त्याने नकार दिला. नीलिमाने समजावलं, रागावली, लेखी दिलं. एक डोळा नवा आणि एक जुना ठेवला तर अंतराचा अंदाज चुकतो, जिन्यावर पडाल. तो हो म्हणाला, पायऱ्या चढताना कठडा धरेन म्हणाला. बाजारात बायकांचे काळे अबाया शिवणाऱ्या एका शिंप्याकडून त्याने काळ्या कापडाचे तुकडे आणले आणि त्यांचा डोळ्यावर बांधायचा पट्टा केला. पट्टा उजवीकडे बांधला की जुना डोळा, डावीकडे बांधला की नवा. रखवालदार त्याला 'कप्तान' म्हणू लागला.

समुद्राचं चित्र त्याने डाव्या डोळ्याने पुरं केलं. उजव्या डोळ्याने प्रयत्न करून पाहिला होता. हात आपोआप निळ्याकडे जायचा, आणि एका कोपऱ्यात मोरपिशी रंगाचा एक फटकारा आला तर बाकीचं सगळं चित्र खोटं दिसायचं. तो फटकारा त्याने पुसला. मग उजव्या डोळ्यावर पट्टा बांधून, कॅनव्हासला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन, दिवसाचा थोडा वेळ काम करी. जुना डोळा लवकर दमत असे. भिंग रोज अधिक काळपट होत होतं. डोळा आधी संपतो की चित्र, असा तो प्रश्न होता, आणि तो त्याची बायको, नीलिमा आणि मी, सगळ्यांना माहीत होता.

त्या काळात आई पुन्हा आल्या. पुन्हा जेवण झालं. त्याच्यापुढे सोलकढीचा पेला ठेवला तेव्हा तो हात लावेना. त्या दिवशी पट्टा नव्हता. त्याने तळहाताने डावा डोळा झाकला, मग उजवा, मग डावा.

"हे नेहमी असंच असतं?" त्याने विचारलं.

नीलिमाने आईंना सांगितलं.

"नायतर काय?" आई म्हणाल्या. "तुझ्यासाठी येगळी केलंय?"

तो पेला त्याने प्यायला नाही. जाताना घेऊन जाऊ का म्हणून विचारलं. आईंनी झाकण असलेल्या डब्यात ओतून दिली. "बघ कसो गप झालो," त्या दार लावताना म्हणाल्या.

चित्र वेळेत पुरं झालं आणि विमानाने गेलं. प्रदर्शन उघडलं. तिथला वृत्तान्त त्याच्या बायकोने सांगितलेला आहे. पिवळ्या दालनात गर्दी होती. समुद्राचं चित्र मुख्य भिंतीवर होतं. त्याने पूर्ण दालन आधी एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. पट्टा बदलताना लोकांना वाटलं, की हा त्याच्या कार्यक्रमाचा भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दारापाशी मोठ्या अक्षरांत एक वाक्य लिहिलं होतं: वाळवंटाने त्याला नवा प्रकाश दिला. प्रदर्शनाच्या पुस्तकातही तेच वाक्य होतं.

तो संग्रहालयाच्या अधिकारी बाईंकडे गेला आणि म्हणाला, की वाक्य चूक आहे. प्रकाश वाळवंटाचा नाही. हा रंग माझ्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचा आहे, माझ्या डॉक्टर खोबरला आहेत, त्यांना विचारा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मते ही चित्रकाराची विनोदबुद्धी होती. त्याने पुन्हा सांगितल्यावर त्या म्हणाल्या, की पुस्तक छापून झालंय, आणि तसंही, चित्राचा अर्थ लावण्याचा अधिकार प्रेक्षकांचा असतो.

"चित्र खरं आहे," तो त्यांना म्हणाला. "दारापाशी लिहिलेलं वाक्य खोटं आहे."

वाक्य बदललं गेलं नाही.

आमच्या दैनिकात प्रदर्शनाची बातमी आली. ती वृत्तसंस्थेकडून आलेली होती, कला-संस्कृतीच्या पानावर, समुद्राच्या चित्राच्या फोटोसह. मथळ्यात 'वाळवंटाचा प्रकाश' होतं. त्या दिवशी मी सुट्टीवर होतो. चित्रकार खोबरला परतल्यावर त्याने अंक पाहिला आणि डेस्कला फोन केला. फार दिवसांनी.

"दुरुस्त्या अजून दुसऱ्याच पानावर छापता ना?"

"हो."

"मग लिहून घ्या."

"तुमचं म्हणणं तपासावं लागेल," मी म्हणालो.

"तपासा. खालच्या मजल्यावर राहतात."

नीलिमाला विचारलं. रुग्णाच्या परवानगीशिवाय ती बोलणार नव्हती. तो स्वतः खाली येऊन परवानगी देऊन गेला. मुख्य संपादकांनी मजकूर वाचला आणि विचारलं, की हे नक्की छापायचंय का. बातमीत चूक होती, ती दाखवली गेली होती आणि तपासून झाली होती, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी हवामानाच्या चौकटीच्या वर तीन ओळी छापून आल्या. आमच्या बातमीत चित्रकाराच्या पिवळ्या रंगाचा उगम वाळवंटाचा प्रकाश असा दिला होता. चित्रकाराच्या म्हणण्यानुसार आणि त्याच्या डॉक्टरांच्या दुजोऱ्यानुसार, तो रंग मोतीबिंदूचा होता. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

त्याच्या खाली चौकट होती: आकाश स्वच्छ.

त्याने ते पान कापून स्टुडिओच्या दाराला आतून चिकटवलं. त्याच्याबद्दल आजवर छापून आलेल्या मजकुरात एवढाच अचूक आहे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगे. माझ्या माहितीप्रमाणे ही गोष्ट दुसरीकडे कुठे छापलेली नाही. हॉलंडच्या समीक्षकांपर्यंत आमचा अंक जात नाही.

त्यानंतर तो गच्चीवर बसायचा, पण रंगवत नसे. पट्टा कुठल्या बाजूला आहे यावर त्याच्या बायकोचं लक्ष असे. डाव्या डोळ्याला आता अगदी जवळचंच, तेही अंधुक आणि तपकिरी, दिसत होतं. नीलिमा जिन्यात भेटली की विचारी, "दुसरा डोळा?" तो उत्तर म्हणून हवामान सांगे. आज दमट आहे. उद्या वारा सुटेल.

मागच्या वर्षी त्याची बायको निवृत्त झाली. सौदी कायमचं सोडण्याचे, फायनल एक्झिटचे, कागद झाले. फ्लॅट रिकामा करताना त्याने निळ्या नळ्यांचा खजुराचा डबा बरोबर घेतला, पट्टा घेतला, आणि माझ्या बायकोची वाटी घेतली. वाटी परत मागायचा विचार तिने केला होता, पण तिच्या तळाशी रंगाचे इतके थर बसले होते, की मग तिने विषय काढला नाही. विमानतळावर निघताना नीलिमाने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "तिकडे ढग असतील."

या वर्षी एप्रिलमध्ये नीलिमाने त्याला मेसेज केला. नेहमीचाच, दोन शब्दांचा. उत्तर आलं: चालेल.

आधी तिला ते नेहमीचं 'चालेल' वाटलं. मग त्याच्या बायकोचा फोन आला, की तारीख मिळाली आहे. त्याच्या गावाजवळच्या रुग्णालयात डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. भिंग कडक होतं, वेळ जास्त लागला. दृष्टी चांगली आली आहे. नीलिमाने तिथल्या डॉक्टरांचा अहवाल मागवून वाचला.

जूनमध्ये वेंगुर्ल्याला आईंच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं तैलचित्र होतं. टेबलावर एक पेला, मागे खिडकी. चित्राच्या मागे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची तारीख आहे, आणि इंग्रजीत 'डावा डोळा' असं लिहिलं आहे. जवसाच्या तेलाचा वास अजून गेलेला नाही, असं आई म्हणतात. त्यांनी ते स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर टांगलं आहे. नीलिमाने त्याचा फोटो मला पाठवला.

पेल्यातली सोलकढी तपकिरी आहे.